माझं शेवाळ आणि अख्ख्या नाशिकचं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा तुटतो आणि मग मी चिडते. आणि एक आधीच सांगून ठेवते, या किश्श्यात हिरवं पाणी कोणीही सरबत समजून पीत नाही. शेवाळावर पीएचडी केली म्हटलं की जो तो तेच ऐकायला टपून बसलेला असतो. नाही हो! कोणी काही प्यायलं नाही. उलट माझ्यामुळे अर्ध्या कॉलनीने पाणी प्यायचं सोडलं होतं.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. तेव्हा 'नॅनो' या शब्दाचं नुसतं पीक आलं होतं. क्रीम नॅनो, मोजे नॅनो, भिंतीचा रंग नॅनो. धातूच्या ऑक्साइडची इतकी बारीक पूड करायची की मैदा तिच्यापुढे खडी वाटावा, आणि ती कशातही घालायची. आता ही पूड अंगावरून, कपड्यांवरून धुऊन शेवटी जाणार कुठे? नदीत. आणि नदीत पहिली गाठ पडणार कोणाशी? शेवाळाशी. दगडावरचं घसरडं नव्हे, पाण्यात तरंगणारं, एकेकटं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते मेलं तर मासे उपाशी, मासे मेले तर बगळे उपाशी.

तर माझं काम असं की काचेच्या चंबूत शेवाळ वाढवायचं, त्यात जस्त, टायटॅनियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडची पूड वेगवेगळ्या मापाने घालायची, आणि कोण जगतंय कोण मरतंय ते बघायचं. झालं. यालाच पीएचडी म्हणतात.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावताना माझी पुरेवाट व्हायची. पोस्टातून रिटायर झालेला साधा माणूस. शेवटी त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. एकदा मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी नेमकं काय करते? अण्णा अभिमानाने म्हणाले, “थोडं थोडं विष घालते आणि कोण किती तग धरतं ते बघते.” त्या बाईंनी पोह्यांचा चमचा हळूच बशीत ठेवला. त्यांचा निरोप अजून यायचाय.

पण अण्णांना माझा अभिमान किती म्हणाल? दारावर नवीन पाटी केली होती, त्यात माझ्या नावाआधी थोडी जागा कोरीच सोडली होती. 'डॉ.' लिहायला. येणारा-जाणारा विचारायचा, इथे रंग उडालाय का? अण्णा म्हणायचे, उडाला नाही, चढायचाय. ती कोरी जागा मला रोज घरात शिरताना दिसायची.

आता मूळ मुद्द्यावर येते. प्रबंध देण्याआधी एक सेमिनार असतं. बाहेरचे परीक्षक येतात, आपण बोलायचं, त्यांनी विचारायचं. आमचे परीक्षक पुण्याचे. त्यांनी माझ्या गाईडना, निमकर मॅडमना, आधीच कळवलं की मुलीचं शेवाळ प्रयोगशाळेत बनवलेल्या लाडावलेल्या पाण्यात वाढतंय, खऱ्या नदीच्या पाण्यात काय होतं तेही दाखवा. हा एक प्रयोग जमला तर उन्हाळ्यात प्रबंध जाणार. नाही जमला तर आणखी एक वर्ष, आणि पाटी तशीच.

प्रयोग सोपा होता. नदीचं पाणी गाळायचं, त्यात शेवाळ सोडायचं. काही चंबूंत पूड घालायची आणि काहींत काहीच घालायचं नाही. या काहीच न घातलेल्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. कंट्रोलने एकच काम करायचं असतं, जगायचं. कारण कंट्रोलच मेला, तर बाकीचे कशाने मेले ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येणार नाही.

मॅडमनी मला एक जाड काचेची बाटली दिली. म्हणाल्या, यातच आण, काठोकाठ भर, आणि भरलीस की तडक प्रयोगशाळेत ये. तीन सूचना. मी तिन्ही मोडल्या, आणि तिन्ही मोडताना मला वाटत होतं की मी फार चांगलं काम करतेय.

त्याचं झालं असं. सकाळी अण्णा स्कूटर काढून उभे. धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी निवळशंख असतं, तिथे जायचं ठरलं होतं. अण्णा रोज पहाटे रामकुंडावर स्नानाला जाणारा माणूस. आमच्या नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाचे मास्तर म्हणतात, बाकी सगळ्यांची ती गंगा. अण्णांनी माझ्या हातातली बाटली पाहिली.

“यात याआधी काय होतं?”

मी खरं बोलणारी मुलगी. म्हटलं, “ॲसिड.”

संपलं! गंगा आणि ॲसिडच्या बाटलीत? मी परोपरीने सांगितलं की ती दहा वेळा धुतलीय, पण अण्णा स्कूटरवरून खाली उतरले. तेवढ्यात आतून आई आली, हातात तांब्याची कळशी घेऊन. तिच्या लग्नातली. पहाटेपासून चिंच-मीठ लावून घासत बसली होती. पुण्याचे लोक बघणार, काळपट भांडं पुढे ठेवलं तर काय म्हणतील, नाशकात कोणाला भांडी घासता येत नाहीत? आमच्याकडे गंगा घरी आली ती कायम तांब्यातूनच आली. वर ती कळशी अशी लखलखत होती की तिच्यात बघून कुंकू लावावं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू शिकलेली, तुला काहीच कसं वाटलं नाही? वाटलं ना. मला वाटलं, आई गं, काय चकाकतेय!

परत येताना कळशी माझ्या मांडीवर, सांडू नये म्हणून गळ्यापर्यंतच भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं, वर नारळ. सिग्नलला दोन अनोळखी माणसांनी तिला नमस्कार केला. घरी आलो तो शनिवार दुपार. प्रयोगशाळेला कुलूप. आणि गंगा घरात आली म्हणजे तिची पूजा नको? कळशी देवघराशी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य झाला, शेजारपाजारचे प्रसादाला येऊन गेले. अशी ती सोमवार सकाळपर्यंत आमच्याकडे माहेरपणाला राहिली.

सोमवारी मी पाणी गाळून चंबू लावले. त्या वर्षी लोडशेडिंग म्हणजे कहर होता. शेवाळाला उजेड लागतो, म्हणून मी ट्यूबलाइटसाठी इन्व्हर्टरची बॅटरी स्वतः उचलून नेली. दोन-तीन दिवसांनी बघते तर पूड घातलेले चंबू मेलेले. छान. आणि कंट्रोल?

कंट्रोलही मेलेला. फिकट पिवळा पडून तळाला बसलेला. शेजारीच प्रयोगशाळेच्या लाडावलेल्या पाण्यातलं शेवाळ मात्र हिरवंगार, टवटवीत, जणू मला हसत होतं.

पुन्हा अण्णा, पुन्हा स्कूटर, पुन्हा तीच कळशी. या वेळी आईने ती आणखी जोर लावून घासली, कारण पहिल्या वेळी शेवाळ मेल्याचं ऐकून तिला वाटलं की घासण्यात काहीतरी कमी पडलं. या वेळी शेवाळ आधीपेक्षा लवकर मेलं.

कुठलीही शहाणी मुलगी इथे म्हणाली असती, माझं काहीतरी चुकतंय. मी काय म्हणाले? मी म्हणाले, माझं काही चुकूच शकत नाही, म्हणजे नदीचं चुकतंय! माझ्या डोळ्यांपुढे एकदम लख्ख प्रकाश पडला. पाण्यात कसलंसं अज्ञात विष आहे आणि ते शोधणारी पहिली व्यक्ती म्हणजे मी, चारुलता. प्रबंध गेला खड्ड्यात, मला आता जग वाचवायचं होतं. मी धावत मॅडमकडे गेले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “चारू, कुठे बोलू नकोस. आधी चार ठिकाणचं पाणी तपासून बघ.” त्यातलं दुसरं वाक्य मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळी आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे बोरस्ते काका झाडांना पाणी घालत होते. मूळचे निफाडकडचे, नोकरी सिन्नरच्या एका कारखान्यात झालेली. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही चौकापर्यंत ऐकू जायचं. मी त्यांना, फक्त त्यांना, अगदी विश्वासात घेऊन सांगितलं आणि वर म्हटलं, कोणाला सांगू नका. काका म्हणाले, नाय सांगत. मग वळून तिथूनच त्यांच्या बायकोला हाक मारून सांगितलं, आणि अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग. ज्याला त्याला आपलं पाणी तपासून हवं होतं. मी ओट्यावर उभी राहून जाहीर केलं, आणा, पण घरातल्या सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात शुद्ध भांड्यात आणा, आणि रात्रभर झाकून ठेवा. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरांत सगळ्यात शुद्ध भांडं कोणतं? देवघरातलं. आणि देवघरातलं कशाचं?

तांबे, लोटे, गडवे, पंचपात्रं, कलश. आमचा ओटा भांडी बाजारासारखा दिसायला लागला. मी सगळे नमुने नेऊन शेवाळावर तपासले. नळाचं पाणी, शेवाळ खलास. बोअरचं पाणी, खलास. सटाण्याची मावशी आली होती, तिला शहराचं पाणी सोसत नाही म्हणून ती आपल्या विहिरीचं पाणी गडव्यात बरोबर घेऊन हिंडते. “आमनं पानी गोड शे,” असं म्हणत तिने नाक मुरडून तो गडवा पुढे केला. तेही खलास. मावशी माझ्याशी त्या मुक्कामात पुन्हा बोलली नाही.

मग बोरस्ते काकांनी आपल्या वडिलांनी काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला गंगाजलाचा लोटा आणला. म्हणाले, हे तरी बघ, यात काय खोट असणार? आम्ही तो हात जोडून उघडला. माझं शेवाळ त्यात एक रात्रसुद्धा टिकलं नाही. काका बोटं मोजायला लागले. नाशिक गेलं, सटाणा गेलं, आता काशीही गेली.

फक्त एकच नमुना पास झाला. काकांनी स्कूटर धुऊन उरलेलं गढूळ पाणी, कोणीतरी गंमत म्हणून प्लॅस्टिकच्या मगातून आणून दिलेलं. त्यात माझं शेवाळ असं लुसलुशीत वाढलं की बघत राहावं. मी चष्मा सावरून निष्कर्ष काढला की चिखल विष शोषून घेतो. काकांनी फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, “म्हंजे आता गाडी धुतलेलं पाणी प्यायचं का, ताई?”

मी म्हटलं, छे, तसं नको. पाणी उकळा आणि रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवा, तांब्याने पाणी शुद्ध होतं. लोकांनी तेही केलं. ते पाणी माझ्याकडे आणलं. शेवाळ इतक्या झटकन मेलं की मी घाबरले. मॅडमना फोन करून सांगितलं, मॅडम, विष इतकं जहाल आहे की तांब्यालाही दाद देत नाही! मॅडमनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं, त्यांनाही धक्का बसला असणार.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट मात्र मला खरंच लागली. अण्णा रोज सकाळी स्नान करून आले की पूजा करायचे आणि पळीभर तीर्थ घ्यायचे. एका सकाळी मी बघितलं, त्यांनी पळी भरली, तोंडापर्यंत नेली आणि परत खाली ठेवली. मला बघून ओशाळले. म्हणाले, “तू एवढा अभ्यास केलायस. तू म्हणतेस म्हणजे असेलच काहीतरी.” बस, एवढंच. माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी बसस्टॉपवर उभी असताना मला रडू आलं, आणि पहिल्यांदाच मनात आलं की देवा, मी चुकलेली असू दे.

देव ऐकतो हो. जरा जास्तच ऐकतो.

सेमिनारचा दिवस आला. पहिल्या रांगेत परीक्षक, शेजारी निमकर मॅडम, मागे सगळा विभाग आणि शेवटच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा. मी टेबलावर पुरावा म्हणून कळशी मांडली होती. आईने ती रात्रीच परत घासून दिली होती. पुण्याचे सर बारीक चणीचे, मऊ आवाजाचे. मी अर्धा तास बोलले. आधी प्रबंधावर, मग नाशिकच्या पाण्यावर आलेल्या अज्ञात संकटावर. आवाज चढवला, हात उंचावला, शेवटी क्षणभर थांबून सगळ्यांकडे गंभीरपणे बघितलंसुद्धा. मला वाटलं, हादरले सगळे.

सरांनी एकच प्रश्न विचारला. “तुमच्या तीन धातूंमध्ये शेवाळाला सगळ्यात लवकर कोण मारतं?”

झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं! गेली चार वर्षं दुसरं केलं काय होतं? मी टेचात कळशीवर हात ठेवला आणि सुरू झाले. “तांबं, सर. तांब्याला तोड नाही. पाण्यात अगदी कणभर उतरलं तरी पुरे. आपल्याला कळतही नाही, माणसाला काही होत नाही, पण शेवाळ जगत नाही. माझ्या प्रबंधाचा तिसरा धडा संपूर्ण त्याच्यावरच आहे.” बोलण्याच्या भरात मी बोटातल्या अंगठीने कळशीवर ठेका धरला होता. टण, टण, टण.

“अस्सं. आणि पाणी कशातून आणलंत?”

“या कळशीतून, सर,” मी छाती पुढे काढून म्हणाले.

सरांनी नुसतं कळशीकडे पाहिलं. मॅडमनी कळशीकडे पाहिलं. माझी अंगठी मधेच थांबली. आणि तेवढ्यात शेवटच्या बाकावरून अण्णा उठून उभे राहिले. लेकीची परीक्षा चाललीय, आपल्याला येणारं उत्तर आहे, मग गप्प कसं बसायचं?

“शुद्ध तांबं आहे, सर,” अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. “चिंच लावून घासलंय.”

मी कळशीत बघितलं. तिच्या लखलखीत पोटात माझाच चेहरा होता, तोंड उघडं असलेला. गडवे, लोटे, कलश, काशीचा झाळलेला लोटा, सगळे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. आणि शेवटी तो प्लॅस्टिकचा मग. आधी मॅडमना हसू फुटलं. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांना थांबताच येईना. सर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, तुमचा तिसरा धडा तुम्ही घरोघरी जाऊन सिद्ध केलात, फक्त तुम्हाला कोणी कळवलं नाही. अण्णा उभेच. आपण काहीतरी फार चांगलं उत्तर दिलं असं समजून तेही हसत होते.

सरांनी मोठ्या मनाने थोडे दिवस वाढवून दिले. मॅडमनी तीच ॲसिडची बाटली हातात दिली आणि या वेळी माझ्याबरोबर स्वतः आल्या. काठोकाठ भरली, तडक आणली. कंट्रोल जगला! असा हिरवा, असा हिरवा की मी त्या चंबूला मिठी मारायचीच बाकी होती. आणि पूड घातलेल्यांत सगळ्यांच्या आधी कोण मेलं ते आता विचारूच नका.

सेमिनारच्या दिवशी घरी येताना मी स्कूटरवर मागे बसून अण्णांना सगळं नीट उलगडून सांगितलं होतं. त्यांनी गंगेच्या काठाशी स्कूटर थांबवली. म्हणाले, “म्हणजे गंगा चांगली आहे?”

“हो, अण्णा. माझ्या शेवाळाला गंगेने हात लावला नाही.”

“आणि आपली कळशीपण चांगली आहे?”

“हो. शेवाळाला सोसत नाही, एवढंच.”

त्यांनी जरा विचार केला. “मी काही शेवाळ नाही ना?”

“नाही, अण्णा.”

“मग झालं तर,” म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीर्थ घेतलं, चांगलं दोन पळ्या, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

राहिली कॉलनी. बोरस्ते काकांची माफी मागायला मी स्वतः गेले. विरघळणारं तांबं, ऑक्साइड, कंट्रोल, सगळं सांगितलं. त्यांनी त्यातलं एकच उचललं. “म्हंजे त्या कळशीतल्या पाण्यात शेवाळ धरतच नाय?” म्हटलं, नाही धरत. काका उठले, आमच्या घरी आले आणि कळशी घेऊन गेले. त्यांच्या कुलरच्या टाकीत दर उन्हाळ्याला हिरवा बुळबुळीत थर यायचा. कळशी आत सोडली, आणि तो अख्खा उन्हाळा थर नाही, वास नाही. काका चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, लय भारी शोध हाय ताईचा!

आता आमच्या पाटीवर ती कोरी जागा भरलीय. अण्णांनी सोनेरी रंगात 'डॉ.' लिहून घेतलं, नावापेक्षा ठळक. परवाच बेल वाजली. दारात पलीकडच्या गल्लीतलं नवीन जोडपं. पाटी वाचून म्हणाले, शेवाळाचं जरा काम होतं. आहाहा! इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या शिक्षणासाठी बेल वाजवली होती. मी त्यांना आत बसवलं, केस नीट केले, चष्मा लावला आणि घसा साफ करून म्हटलं, “विचारा.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई संकोचून म्हणाल्या, “नाही, तुम्हाला त्रास नको, मॅडम. आम्हाला फक्त कळशी हवी होती.”